कुंकवाचा नट

मंगळवार, संध्याकाळ

आज लई थकलेय. चोवीस तासांच्या शर्यतीत पळणाऱ्या परदेशी गाडीच्या चाकाचे नट आमच्या चितेगावच्या कारखान्यात बनतात. आज त्या कंपनीचा निरोप आला. पुढच्या वर्षी शर्यतीत उतरायचं की नाही, अजून ठरत नाही म्हणे. तोवर आमची ऑर्डर बंद.

लेथवरच्या शिंदेकाकांना सांगितलं तर म्हणाले, "पण ताई, यंदा आपली गाडी तर जिंकली की!"

आपली गाडी! खंडेनवमीला काकांनी मशीनसोबत एका नटालाही कुंकू लावलं होतं. तेव्हापासून तो नट मशीनवरच असतो.

निघताना पाहिलं, काका तोच नट घासून पुसत होते.

"राहू द्या की, काका."

"नमुना म्हणून दुसऱ्या कुणाला तरी दाखवावा लागंल ना, ताई."