महिनाभर आधीची काकडी

लष्कर, ग्वाल्हेर
फाल्गुन शुद्ध सप्तमी, १९५७

प्रिय रमाकांत,

तुझं पत्र आणि सोबतचा संमतीचा कागद मिळून महिना झाला. उत्तराला उशीर केला, पण आळसाने नव्हे. माझ्या बोटांना सध्या शेणमातीचा वास येतोय, आणि हे पत्र नाकाशी धरलंस तर तुलाही येईल. राज्यं एक झाली, कचेऱ्या हलल्या, इथल्या कंपू मोहल्ल्यातली कितीतरी मराठी घरं कुलपं लावून तुझ्यासारखीच भोपाळला गेली. तुझं टेबल पोचलं, खुर्ची मात्र अजून यायची आहे म्हणे! उभ्याने फायली लिहिताना पाठ जप.

इथे गव्हाच्या ओंब्या भरल्यात. खळ्याची जागा खणून, पाणी मारून चोपून घेतली, परवा सारवते. मोटेचा दोर विरला होता म्हणून टोपी बाजारात गेले, तर दुकानदार म्हणतो, "बाईसाब, खेत तो बिक गया न?" मी म्हटलं, "रस्सी दो." तुझा बेत बाजारभर झालाय. तू होळीला येणार, माझी सही घेणार, जगदेवरावांना शेत देणार आणि मला भोपाळला नेणार. नानांनी शेत आपल्या दोघा भावंडांच्या नावे केलं नसतं तर माझ्या सहीची अडचणही नव्हती तुला.

खरं सांगू? महिन्यापूर्वी मी सही करणारच होते. नाना गेल्यापासून घर खायला उठत होतं. जगदेवरावांना तिथे वीटभट्टी घालायची आहे, मग विहिरीकाठच्या पट्ट्यात यंदा काकडी तरी कशाला लावा, असं मनात आलं. पण गोविंदला तसं तोंडावर सांगवेना. नाना गेल्यावरही हा त्यांचा जुना गडी न बोलावता रोज येतो. म्हणून मी पळवाट काढली. त्याला सांगितलं, बी फाल्गुन वद्य पंचमीला टाकू. तोवर होळी होऊन जाईल, तूच काय ते त्याला सांगशील.

आता माझा गाढवपणा ऐक. माघ वद्य पंचमीलाच हा सकाळी दारात हजर! बरोबर बायको, सून आणि ओल्या फडक्यात भिजवलेलं बी. "जिज्जी, आज फागुन बदी पंचमी है, आपने ही तो कही थी." आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. आपल्या माघातला वद्य पंधरवडा त्यांच्या फागुनात पडतो. चार पिढ्या इथे काढल्या आणि मी मात्र भिंतीवरच्या आपल्या पंचांगाने बोलून बसले. नाना असे कधी चुकले नाहीत. घरात ते मराठी महिना सांगत, बांधावर इथला.

भिजलेलं बी परत डब्यात ठेवता येत नाही. टाकायचं, नाहीतर फेकायचं. ती तिघं माझ्या तोंडाकडे बघत उभी होती आणि मला तुझा राग आला, माझा त्याहून जास्त आला. मग मी पदर खोचला. दुपारपर्यंत सऱ्या पाडून, शेणखत घालून आम्ही सगळं बी टोचलं. थंडी होती, म्हणून रोज संध्याकाळी वर गवत पसरायचं आणि उन्हं आली की काढायचं. कंबर मोडली माझी, पण एक दिवस चुकवला नाही.

दहाव्या दिवशी दोन दोन पानं वर आली. मी बांधावर बसून रडले. नाना गेले तेव्हा आल्यागेल्यांच्या गर्दीत रडता आलं नव्हतं, ते तिथे आलं. मागच्या आठवड्यात जगदेवराव जमीन बघायला आले आणि म्हणाले, हे उपटून मोकळं करून ठेवा. मी त्यांना चहा दिला आणि फाटकापर्यंत पोचवलं. पुन्हा यायची तसदी घेऊ नका, हेही सांगितलं.

तू वाईट नाहीस रे. एकटी बाई, आजारपण, चोरचिलटं, तुझी काळजी खरी आहे. दोन खोल्यांत माझ्यासाठी एक कोपरा राखून ठेवलास हे वाचून डोळे भरले. पण मला कोपऱ्यात बसायचं नाही. तुझा कागद परत पाठवतेय. सही केलेली नाही आणि करणार नाही. होळीला ये, पुरण घालीन. आणि चैत्रात गहू कापायलाही ये. आपल्या चैत्रात की त्यांच्या, हे विचारू नकोस, शेत पिवळं झालं की तार करीन. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र महिनाभर माझ्या घशात अडकून आहे, त्याचं उत्तर द्यायलाच आज लिहायला बसले. तू लिहिलंस, "नाना गेले, आता तिथे आपलं कोण आहे?" रमाकांत, मी आहे.

तुझीच,
सुधाताई