हंड्यांच्या रांगेत मांडलेला जिल्हा

तीर्थस्वरूप रामकिशनदादा,

धाकट्या चांगुणेचा नमस्कार. देगलूरच्या तुमच्या आडाला पाणी आहे का, वहिनींचे गुडघे काय म्हणतात, ते कळवा. इकडे निलंग्यात सगळे खुशाल. पाणी टँकरनं येतं, तेही त्याच्या मर्जीनं.

लातूर नवा जिल्हा झाला, कचेरीत कारकून भरणार, हे कळल्यापासून आमच्या ह्यांनी (तुमच्या लाडक्या पाव्हण्यांनी) अभ्यासाचा धडाका लावला. सकाळी पाठ केलेलं संध्याकाळी सपाट! म्हणून तुम्ही मास्तरकीतला अनुभव लिहून पाठवलात: नुसतं घोकू नका, पुस्तक मिटून आठवा, दोन दिवस जाऊ द्या, पुन्हा आठवा, आणि एकेक गोष्ट ओळखीच्या जागी मनात ठेवा. ह्यांनी शेवटचं तेवढं उचललं. (सोपं तेवढं उचलायची सवय जुनीच आहे.)

आता दुष्काळात ओळखीची जागा कोणती? टँकरची वाट बघत आम्ही भांडी ओळीनं मांडून ठेवतो, ती. सरजाबाईच्या पोचे आलेल्या हंड्यात औसा, लक्ष्मम्माच्या पितळी घागरीत उदगीर, कोंडाबाईच्या बादलीत अहमदपूर. पण रांगेतली भांडी कधी जागेवर राहतात का? सरजाबाईनं हंडा पुढं सरकवला की हे ओरडायचे, “औसा हलवू नका!” ती म्हणायची, “भावजी, डोस्कं फिरलं का? हंडा हाय त्यो!” लक्ष्मम्मा तेलुगूत काय बोलली ते कळलं नाही, बरंच झालं.

मी पाणी वाहताना ह्यांना पुस्तकाशिवाय प्रश्न विचारायची. अडेल तो दोन दिवसांनी पुन्हा, उलटसुलट करून. हे चिडायचे, “तू सगळा क्रम बिघडवून राहिली!”

परीक्षेत प्रश्न आला: नव्या जिल्ह्यातले तालुके लिहा. ह्यांनी डोळे मिटले, रांग आठवली, भांड्यामागून भांडं उतरवलं आणि नेमका निलंगा राहिला. तो आमच्या तेलाच्या डब्यात होता, आणि डबा पालथा घालून हे रोज त्यावरच बसायचे. मला हसू आवरेना, आणि वाईटही फार वाटलं. बिचारे मन लावून बसत होते.

तुमची,
चांगुणा

ता. क. परीक्षेला सोबत हवी म्हणून ह्यांनीच माझाही अर्ज भरला होता. (मॅट्रिकचा दाखला पेटीत पडूनच होता.) निकाल लागला. ह्यांचं नाव नाही, माझं आहे. पेढे ह्यांनीच आणले.

आणखी एक. दादा, मला ही नोकरी करायचीच आहे. सासूबाईंनी मात्र पेढे लेकाच्या नोकरीचे समजून गल्लीभर वाटले. हे रोज खरं सांगायला जातात आणि त्यांच्यासमोर उभे राहिले की विसरतात. रविवारी तुम्हीच या. काय बोलायचं ते पाठ करून या. आमच्या सासूबाई आठवायला वेळ देत नाहीत.