डिस्कची जुनी केबल

५ मार्च, मंगळवार

कॉम्प्युटर आज तिसऱ्यांदा बंद पडला. बायको, जॅनिस, घरच्या जुन्या फोटोंची फिल्म जोडायला बसली, की दहा मिनिटांत पडदा काळा. दुकानातला टोनी म्हणतो, नवं ग्राफिक्स कार्ड वीज फार खातं, साडेचारशे वॅटचा पॉवर सप्लाय पुरत नाही, साडेसातशेचा घाला. वर विचारतो, "बसवून देऊ का?" डेव्हनपोर्टमधल्या निम्म्या घरांचं वायरिंग मी केलंय, चाळीस वर्षं — आणि हा मला विचारतो!

७ मार्च

सप्लाय आणला. निघताना टोनी म्हणाला, "रॉस, जुन्या केबल लावू नकोस हं. खोक्यातल्याच घे." हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

९ मार्च, शनिवार

झाकण उघडलं. हे मशीन आमच्या मुलानं, कीरननं जोडलेलं, सतराव्या वर्षी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मागच्या केबल त्यानं वेणी घालावी तशा बांधल्यात, एकही लोंबत नाही. माझ्या हाताखाली दीड वर्ष होता तेव्हाही पोरगा तारा अशाच लावायचा. 'छान केलंस' म्हणून मी कधी बोललो नाही. काम सोडून होबार्टला कॉम्प्युटरच्या नोकरीवर निघाला, तेव्हा मात्र तोंड उघडलं — "खुर्चीत बसून बोटं चालवायची, याला काम म्हणत नाहीत." त्याला अडीच वर्षं झाली. त्याचा फोन नाही, माझाही नाही.

बाकीच्या केबल बदलल्या. डिस्कची तेवढी ठेवली. ती काढायची तर त्याची सगळी बांधणी उसवावी लागली असती, आणि हात धजेना. नव्या सप्लायच्या खाचेत चपखल बसली. आमच्या धंद्यात प्लग बसला म्हणजे जोड बरोबर.

बटण दाबलं. टक् — आणि जळका वास.

१२ मार्च

दोन्ही डिस्क गेल्या. एकीवर फोटो, दुसरीवर त्यांचीच प्रत. प्रत त्याच डब्यात ठेवायचं शहाणपणही माझंच. टोनीनं समजावलं, प्लगचा आकार तोच असला तरी आतल्या तारांचा क्रम ज्याचा त्याचा वेगळा. पाचच्या जागी बारा व्होल्ट गेले. "फोटो निघतात का, मेलबर्नला पाठवून बघू. पण आशा धरू नकोस."

कीरनचं सगळं लहानपण होतं त्यात. जॅनिसची आई होती.

घरी सांगितलं, मशीन दुकानात आहे. पुढचं तोंडातून निघेना.

१४ मार्च

"कधी मिळणार?" जॅनिसनं आज दोनदा विचारलं. जेवण गेलं नाही.

१६ मार्च

सांगून टाकलं सकाळी. ती चहा ओतत होती. किटली खाली ठेवली. मला वाटलं, आता रडणार.

"फोटो आहेत," म्हणाली. "कीरनकडे. दर ख्रिसमसला सगळे फोटो भरून एक डिस्क पोस्टानं पाठवते त्याला."

"कधीपासून?"

"तो गेला तेव्हापासून. आणि रविवारी तू क्लबच्या हिरवळीवर बोल्स खेळायला गेलास, की त्याचा फोन येतो." किटली पुन्हा उचलत म्हणाली, "तुझी चौकशी करतो. मी सांगते, होता तसाच आहे तुझा बाप."

फोटो वाचले, आनंद व्हायला हवा. मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. अडीच वर्षं ही दोघं मी घराबाहेर पडायची वाट बघत होती. राग येईल असं वाटलं होतं. लाज वाटली, दुसरं काही नाही.

१७ मार्च, रविवार

बोल्सला गेलो नाही. दोन वाजता फोन वाजला. जॅनिस जागची हलली नाही. मी उचलला.

"आई?"

"नाही रे. मी आहे."

त्यानं फोन ठेवला नाही.