नीट घातलेल्या बिछान्याची विल्हेवाट

मृत्युपत्र लिहून ठेवणार लुशियस टार्पली, वय वर्षे पंचाहत्तर, पोलाद कारखान्यातून निवृत्त, राहणार टायलर स्ट्रीट, गॅरी, इंडियाना. आज माझे डोके ठिकाणावर आहे, हात फारसा थरथरत नाही आणि कोणी मानगुटीवर बसून माझ्याकडून हे लिहून घेत नाही. डोक्याबद्दल मी स्वतः दिलेली ग्वाही वकीलबाईंना पुरली नाही. त्यांनी डॉक्टरचा दाखला आणायला लावला, तो सोबत जोडला आहे. यापूर्वी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यातले दुसरे मी मेहुण्यावरच्या रागात केले होते.

माझ्या अंत्यविधीला कोणी ना कोणी उठून म्हणणार, "लुशियस कोच म्हणजे शिस्तीचा पुतळा." त्या माणसाला तिथेच थांबवून पुढील कलमे वाचून दाखवावीत.

कलम एक. राहते घर माझी मुलगी लॉरेन हिला. ती फिनिक्सला असते आणि तिला हे घर नको आहे, हे मला ठाऊक आहे. आमच्या रांगेतल्या नऊ घरांपैकी पाच ओस पडली आहेत, दारे-खिडक्यांना फळ्या ठोकून. तिने खुशाल विकावे, पण सहाव्या घराला फळ्या ठोकायची वेळ आणू नये. तळघराच्या जिन्याची तिसरी पायरी सैल आहे, जपून उतरावे. ती मी सत्तावीस वर्षे उद्या दुरुस्त करणार होतो. 'हातातले काम पुढे ढकलू नका' हा माझा चौथा नियम आहे.

कलम दोन. नियमांबद्दल लिहिलेच पाहिजे, कारण गावभर मी त्यांच्यासाठीच ओळखला जातो. १९९६ च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली तीन तरुण पोरे बंदुकीच्या गोळीने गेली. तिघांनाही मी त्यांच्या पहिल्या सायकलपासून ओळखत होतो. त्यानंतर मी चर्चच्या तळघरात पहाटे साडेपाचचा वर्ग सुरू केला. ठोसे मारायला एक लटकती बॅग, उड्यांच्या दोऱ्या आणि भिंतीवर अकरा नियम. पहिला, पहाटे उठा. दुसरा, आपले अंथरूण आपण घाला. तिसरा, गार पाण्याने आंघोळ करा. बाकीचे जसे अंगाशी येतील तसे पुढे सांगतो.

या नियमांची मी पुस्तिका छापली, पाचशे प्रती. त्यातल्या चारशे बारा अजून घराच्या तळघरात आहेत. त्या सगळ्या माझा मेहुणा पर्सी व्हिटलो याला द्याव्यात. गार पाण्याची गोष्ट त्यानेच न्हाव्याच्या दुकानात फोडली. मी नळ सोडून टबच्या कडेवर कोरडा बसतो आणि शेवटी फक्त डोके ओले करून बाहेर येतो, असे त्याने भर गर्दीत सांगितले. ते खरे होते, म्हणून मी त्याच्याशी चार वर्षे बोललो नाही. त्याच्या स्वयंपाकघरातले टेबल डगमगते, पुस्तिका पायाखाली घालायला होतील.

कलम तीन. बर्फ उडवायचे यंत्र शेजारीण मिस ओशी बेल हिला. लोकांना वाटते, लुशियस आपोआप पहाटे उठतो. आधी माझी बायको अर्नेस्टिन कोपराने ढोसून उठवायची. ती गेल्यावर मिस ओशी रोज पावणेपाचला फोन करू लागली. तिचे वाक्य ठरलेले असे: "ऊठ बाबा, पोरांना लवकर उठायला शिकवायचंय ना तुला?" आज ती एक्याऐंशीची आहे आणि बारा वर्षांत तिने एक दिवस चुकवलेला नाही. पुस्तिकेवर तिचा फोटो हवा होता, माझा नव्हे.

कलम चार. पलंग. हे कलम मी तीनदा लिहून तीनदा फाडले आहे.

वर्गात नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी मी त्याला घरी नेऊन आमची झोपायची खोली दाखवायचो. म्हणायचो, "बघ, गादीवरून उतरलो की पहिलं काम हे. तू तुझं घालतोस का?" पोरगा खाली बघायचा. चादर अशी ताणलेली, की सुरकुती शोधून सापडू नये. ती अर्नेस्टिनने ताणलेली असायची. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी ते अंथरूण एकदाही घातलेले नाही. "लुशियस, दुसरं टोक धर जरा," ती रोज म्हणायची. "आलो," असे म्हणून मी कॉफी प्यायला जायचो.

२०११ च्या मार्चमध्ये एका सकाळी तिच्या छातीत कळ आली. मी ॲम्ब्युलन्स बोलावून खोलीत आलो, तर ही बाई वाकून चादर ओढते आहे.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? सोड ते!"

"परकी माणसं यायचीत घरात. हा पसारा दाखवू त्यांना? ये, दुसरं टोक धर."

मी तिच्यावर ओरडलो आणि बूट शोधायला बाहेर गेलो. बूट पायातच होते. ती दवाखान्यातून परत आली नाही.

तो बिछाना मी मोडला नाही. त्या दिवसापासून बैठकीतल्या आरामखुर्चीत झोपतो. इथपर्यंत कोणीही मला माफ करेल. पण मी नव्या पोरांना तो बिछाना दाखवणे चालूच ठेवले, तेच वाक्य म्हणत, छाती पुढे काढून. दाखवायला इतका सोयीचा बिछाना दुसरा नसेल. कधी विसकटायचाच नाही.

२०१६ मध्ये मार्क्वेल ओडम नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा वर्गात आला. त्या दिवशी मी चौघांना एकदम पलंग दाखवायला नेले होते. हा वाकला, उशीवरून बोट फिरवले आणि बोटाकडे बघत म्हणाला, "कोच, ह्यात कुणी झोपतच नाही. धूळ बसलीय." बाकीचे तिघे हसले. तो हसला नव्हता, हे मला आजही स्पष्ट आठवते. मी म्हणालो, "सातवा नियम काय आहे? खोटारड्याला वर्गात जागा नाही. दार तिकडे आहे." त्याने टोपी घातली आणि गेला. इतक्या वर्षांत वर्गातून मी एकालाच काढले, आणि तोच खरे बोलत होता.

गेल्या जानेवारीत बर्फावर घसरून माझे खुब्याचे हाड मोडले. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी चादर बदलायला जो सेवक आला, तो मार्क्वेल. मी डोळे मिटून घेतले. शूर माणूस मी!

"कोच, कुशीवर व्हा. घाबरू नका, पडू देणार नाही."

मला एका हाताने धरून त्याने दुसऱ्या हाताने अंगाखालची चादर काढली, नवी घातली आणि तिचे कोपरे दुमडले. मला एकही धक्का बसला नाही.

"असे किती घालतोस दिवसाला?" मी विचारले. काहीतरी बोलायला हवे होते.

"चोवीस. निम्म्यांत माणूस असतो."

'चूक झाली तर तिथल्या तिथे कबूल करा' हा नववा नियम. मी तिथे नऊ दिवस होतो. माफी मागायची असे रोज सकाळी ठरवायचो आणि तो आला की हवापाण्याबद्दल बोलायचो. दहाव्या दिवशी घरी सोडले.

कलम पाच. बँकेत जे काही निघेल ते वर्गातल्या पोरांच्या बुटांसाठी. आणि वर्ग, म्हणजे चर्चच्या तळघराची किल्ली, बॅग, दोऱ्या आणि भिंतीवरचा फळा, मार्क्वेल ओडम याला, त्याने घेतला तर. माझ्या खुब्याला आता जिना झेपेनासा झाला आहे. रेव्हरंड ग्रेडी यांनी मला स्पष्ट सांगितले आहे की नव्या वर्षापर्यंत शिकवणारा मिळाला नाही, तर त्या जागेत चर्चच्या खुर्च्या ठेवायच्या. सध्या अकरा जण येतात. त्यांतल्या दोघांची मला काळजी नाही. उरलेले नऊ जण वर्गात असतात तेवढा वेळच गल्लीच्या कोपऱ्यावरच्या टोळक्यात नसतात. म्हणून हे कलम सगळ्यांत महत्त्वाचे, आणि तेच एका अशा माणसावर अवलंबून आहे ज्याला मी चारचौघांत हाकलून दिले.

इथवर गुरुवारी लिहिले. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात घडामोडी लिहायच्या नसतात. त्यांनी आपल्या मृत्युपत्रात लिहू नयेत.

शुक्रवारी दुपारी मी त्या खोलीत गेलो आणि बिछान्यावर तिच्या बाजूला आडवा झालो. आधी सात शिंका आल्या. मग रडलो, चांगला तासभर, नाक गळेपर्यंत. 'पुरुषाने रडण्यात वेळ घालवू नये' हा अकरावा नियम रद्द. कोणत्या गाढवाने लिहिला कोण जाणे. उठल्यावर बिछाना नीट करायला गेलो. अर्धा तास खपलो. एकीकडे ओढली की चादर दुसरीकडून वर यायची. शेवटी मिस ओशीकडून मार्क्वेलचा नंबर घेतला. तिच्याकडे सगळ्यांचे नंबर असतात.

"कोण?"

"लुशियस टार्पली."

"कोण गेलं?"

"अजून कुणी नाही. हे बघ मार्क्वेल, तू खरं बोलला होतास. पलंगाबद्दल. खोटारडा मी होतो. माफ कर मला."

"कोच, सात वर्षं झाली त्याला."

"मला उशिरा जाग येते. मिस ओशीला विचार."

तो हसला नाही, पण शनिवारी चारला आला. दारातून त्याने पलंगाकडे पाहिले आणि म्हणाला, "आत कुणी आहे का अजून?"

मी त्याला पाचवे कलम वाचून दाखवले. तो खिडकीशी उभा राहून ऐकत होता.

"साडेपाचला नाही जमणार. सहाला माझी पाळी लागते. दुपारी चारला घेईन."

"अरे, पण पहाटे उठणं हा पहिला नियम..."

"तुम्ही पाळलात?"

पहिला नियम रद्द.

"आणि पोरांना पलंग दाखवत बसायचं नाही."

"मग काय दाखवायचं?"

"काही नाही. घालायला लावायचं. वाकडा झाला की पुन्हा."

मग तो पलंगाजवळ गेला. अर्नेस्टिनच्या चादरीला हात लावायच्या आधी थांबला आणि माझ्याकडे वळला. "काढू?" मी मान डोलावली. त्याने ती काढून घडी केली आणि माझ्या हातात दिली. कपाटातली धुतलेली चादर झटकली, आपल्या बाजूला पसरली आणि उरलेली माझ्याकडे फेकली.

"दुसरं टोक धरा, कोच."

मी धरले.

तरी पलंग, गादी आणि सगळ्या चादरी माझ्या पश्चात मार्क्वेल ओडम याला द्याव्यात. घडी केलेली ती एक चादर माझ्यासोबत पुरावी.

शेवटची दुरुस्ती: ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकीलबाई सांगतात. हे ऐकून पर्सी म्हणाला, "मग पुस्तिका नकोत मला, आण इकडे पेन." इतक्या आनंदाने वारसा सोडणारा माणूस मी पाहिलेला नाही. मिस ओशीला सही करायची होती, पण बर्फाचे यंत्र सोडवेना. पुस्तिका रद्दीत घालाव्यात.

हे सर्व मी वाचून, समजून, चष्मा लावून सही केली आहे.

लुशियस टार्पली
गॅरी, इंडियाना
१४ ऑक्टोबर २०२३

साक्षीदार: पर्सी व्हिटलो आणि रेव्हरंड आल्विन ग्रेडी. लुशियस टार्पली यांनी आमच्या समोर सही केली आणि आम्ही दोघांनी त्यांच्या समोर. त्यांच्या आग्रहावरून आम्ही आत जाऊन पलंगही पाहिला. एक बाजू ताठ आहे, कोपरे दवाखान्यासारखे. दुसरी बाजू लुशियसने घातलेली आहे.