दोन खुर्च्यांच्या उठाबशा

३ मार्च
विद्यापीठातली संशोधक मुलगी येऊन घरभर डोळे बसवून गेली! दारावर एक, औषधांच्या डब्यावर एक, दोन्ही खुर्च्यांच्या गाद्यांखाली एकेक पट्टी, कपाटावर बोलणारी पेटी. वयस्क माणसं एकटी कशी राहतात, ते महिनाभर बघणार म्हणे. "आजी, अगदी नेहमीसारखं वागा हं." आजी! फॉर्मवर 'घरात कोण कोण?' याच्यापुढे लिहिलं — एकटी. अक्षर अजून शाळेतलंच, गोल गोल.

लेकीची अट सरळ आहे. अहवाल चांगला आला तर मी इथेच. नाहीतर घराला कुलूप आणि माझी रवानगी तिच्या बाराव्या मजल्यावर.

४ मार्च
पेटी दर तासाला बोलते. "नमस्कार! पाणी प्यायलात का?" आणि मी ताडकन उभी! कॉन्व्हेंटात सिस्टर वर्गात आल्या की उठायचं — गुडघे गेले, सवय जात नाही. पाणी प्यायले, "थँक यू" म्हटलं, बसले. पेटीला थँक यू!

९ मार्च
खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले चहाला आले. दुकान कधीच बंद केलं, पण येणार ठोक्याला चार वाजता. तेवढ्यात पेटी बोलली. मी उठले. बाई उभी असताना यांना बसवत नाही, म्हणून तेही उठले. ते उभे, मग मी कशी बसू?

"आधी तुम्ही."

"छे छे, तुम्ही."

चहा निवला. शेवटी एक-दोन-तीन म्हणून एकदम बसलो. पाचला पुन्हा तेच. सहालाही! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो.

लेकीजवळ त्यांच्याबद्दल बोलले नाहीये. चहात सांगण्यासारखं काय असतं? चार वर्षांचा चहा.

१५ मार्च
त्यांना ताप. पेटी बोलली. आज उठावंसं वाटलं नाही.

२२ मार्च
ताप उतरला. आले! चार वाजायला दोन मिनिटं असताना. घड्याळवाल्याकडून ही चूक!

२४ मार्च
संशोधक मुलगी आकडे घेऊन आली. "आजी, पाय फर्स्ट क्लास आहेत तुमचे! फक्त एक बिघाड दिसतोय. दुसरी खुर्चीसुद्धा उठाबशा काढते. चार ते सात. तुमच्याच बरोबरीने. मध्ये आठवडाभर गप्प होती. पट्टी बदलू का?"

"बदल," म्हणाले. सपशेल खोटं! कान तापले नुसते.

२७ मार्च
नवी पट्टी, तोच बिघाड. मुलगी रडकुंडीला आली आहे. "यंत्रणाच चुकतेय बहुतेक. तुमच्या घरचे सगळे आकडे बाद करावे लागतील." म्हणजे अहवालच नाही. म्हणजे बारावा मजला. आणि तिची महिनाभराची मेहनत माझ्या एका शब्दापायी वाया.

२८ मार्च
संशोधक मुलीला बोलावून सांगितलं — यंत्र खरं बोलतंय, खोटं मी बोलले. बिघाडाला चहात आलं लागतं. ती इतकी हसली की पेटीने तिलाच पाणी प्यायला सांगितलं.

मग लेकीला फोन. सगळं एका दमात सांगून टाकलं.

"आई... साखर किती चमचे घेतात ते?"

"दोन."

"एकावर आण. या वयात दोन?"

२ एप्रिल
संशोधक मुलगी शेवटची सही घ्यायला आली. फॉर्म मागून घेतला आणि 'एकटी' खोडलं. एका रेघेत, शाळेत शिकवलं होतं तसं. सकाळीच खालून त्यांची उशी वर आली आहे.