शुक्रावरचे दोन तास

पवनार,
ता. ७ मार्च १९८२

चि. गोपिकाले भाऊचे अ. उ. आ.

घरी सारे खुशाल. वांगे निघून राह्यले. बाबाच्या डोळ्याचं मात्र कठीण आहे. शुक्र उगवला की त्याले हात जोडून भाजीची बंडी जुंपनारा मानूस, आता मलेच विचारते, उगवला का म्हनून. सेवाग्रामचे डॉक्टर म्हनते मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करा. पन डोळ्याच्या शिबिरात शेजारच्या डोमाजीचा डोळा गेला, तवापासून बाबा आयकतच नाई. तूच काही लिहून पाह्य. कालेजात त्या शुक्राचं काय शिकवते तेही लिहिजो, बाबाले आवडंल.

आठवन काढत राहाजो.
तुहा भाऊ, चंद्रभान

नागपूर,
ता. १५ मार्च १९८२

ती. भाऊस गोपिकाचा शि. सा. न. वि. वि.

हे बाबांना वाचून दाखव. परवा सरांनी वर्गात पेपरातला फोटो दाखवला. रशियाचं एक यंत्र याच महिन्यात शुक्रावर उतरलं! सपाट, भेगाळलेले दगड. उजेड सारा नारिंगी. शिसं वितळेल एवढी आच. हवेचं ओझं आपल्या नव्वदपट, अन् ढग पाण्याचे नाहीत, तेजाबाचे. त्या भट्टीत यंत्र दोनेक तास टिकलं, फोटो पाठवले आणि बंद पडलं.

माणूस जाईल का, मी विचारलं. सर म्हणाले, तिथल्या जमिनीवर पाय ठेवणं अवघड. पण उंच ढगांत आच सोसवेल इतकीच आहे, तिथे फुग्यासारखं यान कधीतरी तरंगेल.

ऑपरेशनचं काय लिहू? भीती मलाही वाटते.

माया आहेच, ती पत्रांतून येत राहू दे.
तुझी, गोपिका

पवनार,
ता. २० मे १९८२

चि. गोपिकाले अ. उ. आ.

तुहं पत्र बाबानं तीनदा वाचाले लावलं. मंग म्हने, ते लोखंड मेलं, पन पाहून मेलं. अन् मी भेवानं डोळे झाकून बसलो, असं बाबाच म्हने. दुसऱ्या दिवशी बाबानं सोताच सेवाग्रामची बस धरली, मी मांगून धावलो. ऑपरेशन चांगलं झालं. आता जाड भिंगाचा चश्मा लागला.

काल पहाटे बाबा वावरात गेले. शुक्र लखलखून राह्यलता. नेहमीसारखे हात उचलले, अन् मधातच थांबले. मले वाटलं, तिथं दगडं अन् आगच आहे म्हनून समजलं, आता काऊन जोडतील? पन जोडले. अन् पहिल्यापेक्षा किती तरी वेळ तसेच उभे राह्यले.

सुट्टीत लवकर येजो. घर वाट पाहून राह्यलं.
तुहा, चंद्रभान