सुमतीचा खोपा

२ डिसेंबर १९८८
नारपोलीत खोली मिळाली. खाली घरमालक नूर मोहम्मदशेठचे लूम, कापडाचे माग, वर आम्ही दोघं, मी आणि माझी आठ वर्षांची मुलगी सुमती. दिवसभर खटखट चालते. त्या तालावर तिने पाढे म्हणून दाखवले. मी शिकवतो ती नवी शाळाही चांगली आहे. शेठच्या बायकोने, जाहिदाआपांनी, जेवण पाठवलं. सुमतीची आई गेल्यापासून पहिल्यांदाच वाटलं, इथे निभेल.

५ डिसेंबर
वाचनालयाचा सभासद झालो. सुमतीला राजाराणीच्या गोष्टी नकोत. जुन्या काळी माणसं कशी राहायची ते हवं. संध्याकाळी वाचून दाखवतो. जातं, पाणक्या, एरंडेलाचे दिवे. माजघरात आई लहानगीचे केस विंचरते, ते पान ती रोज पुन्हा वाचायला लावते.

११ डिसेंबर
बाजारातून आलो तर सुमतीचा खोपा घातलेला. घट्ट, चोपून, वर अबोलीचा गजरा. मला साधी वेणीही धड जमत नाही. आपांचे आभार मानायला खाली गेलो. त्या म्हणाल्या, "सर, मी नाय घातला. आज ती खाली आलीच नाय."
सुमतीला विचारलं. म्हणाली, आईने.

१५ डिसेंबर
दिव्याच्या बटणाकडे बोट करून विचारते, हे काय. स्टीलच्या ताटात जेवत नाही, केळीचं पान मागते. लूमचा आवाज तिला ऐकूच येत नाही. डॉक्टर म्हणाले, आई नाही, मनाला लागलंय. टॉनिक दिलं.

१६ डिसेंबर
जुन्या काळाची ती पुस्तकं वाचनालयात परत केली. घरी आलो तर ती भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होती. सगळं पाठ आहे तिला. मी वाचलं तसंच, माझ्याच चढउतारांसकट.

१८ डिसेंबर
आईचा फोटो दाखवला. ही कोण, म्हणाली. रेडिओ मोठ्याने लावला. शाळेचं पुस्तक वाचलं. शेवटी उचलून खाली लूमपाशी नेलं, तिचं नाव घेऊन ओरडत राहिलो. कारीगर काम थांबवून बघत होते. ती माझ्याकडे बघत होती — परक्या माणसाकडे बघावं तसं.

१९ डिसेंबर
दुपारी दाराच्या फटीतून पाहिलं, सुमती खोलीत नव्हती. दाराला कडी आतून. मग पुन्हा पाहिलं तर होती. आपांनीही पाहिलं. हाताला ओलं शेण. सारवत होते, म्हणाली. मला काका म्हणाली.

२० डिसेंबर
तिचा हात धरून बसलोय. डाव्या हाताने लिहितोय. आपा म्हणतात, सोडू नका. तिचा हात हलका होत चाललाय —
लूम चालू असणार. मला ऐकू येत नाही.
ती समजावते, "काका, सोडा ना. आई जेवायची थांबलीये."
बांगड्या वाजल्या. कुणीतरी हाक मारतंय. सुमती नाही, दुसऱ्याच नावाने — आणि ही ओ देते —
मी सुमती म्हणतोय. सुमती. ती वळून बघत ना—